बुवा पाय उचलून चालतो

९ जानेवारी

ठकूस,

पत्राच्या डोक्यावर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिण्याची माझी पद्धत तुला माहीत आहे. या खेपेला ते लिहिलेले नाहीत. विसरलो असं समजू नकोस. लेखणी तिथे क्षणभर घुटमळली, मग मीच तिला पुढे हाकललं.

तू कुत्र्यांच्या शोच्या मैदानावरून तडक निघून गेलीस त्याला आठवडा होऊन गेला. एवढ्या दिवसांत दादाचा राग उतरला असेल, असं तू धरून चालली असशील. उतरलेला नाही. उलट रोज सकाळी चहाबरोबर तो ताजा होतो. सख्ख्या धाकट्या बहिणीनं, जिला मी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली तिनं, भर मैदानात माझा पाणउतारा करावा, आणि तोही कधी? परीक्षकानं बुवाच्या पट्ट्याला पहिल्या नंबरची फीत बांधली त्याच घडीला.

परीक्षक काय म्हणाला ते तू ऐकलंस. 'या जातीत इतकी रुबाबदार चाल मी पाहिली नाही. पुढचे पाय बघा, राजाच्या घोड्यासारखे उचलतो.' लोक टाळ्या वाजवत होते. माझे डोळे भरून आले होते, हे आता लिहायला हरकत नाही. आणि तू रिंगच्या दोरीला टेकून, कंगव्यांची पिशवी छातीशी धरून म्हणालीस, 'दादा, तो रुबाब नाही. याला दिसत नाही. तो जमीन चाचपतोय.'

हळू बोलले होते, असं म्हणशील. तुझं हळू मला ठाऊक आहे. शाळेत तू मैत्रिणीच्या कानात सांगितलेलं गुपित मागच्या बाकापर्यंत पोचायचं. बेकरीवाला शेजारी उभा होता. त्यानं ऐकलं असतं म्हणजे? बुवाचा पहिला मुलगा त्याच्याकडे वाढतोय, आणि पुढच्या महिन्यातल्या शोनंतर तो आपली मादी बुवाकडे आणणार आहे, हे तुझ्याच देखत ठरलं होतं. बुवाचं वय बघता ही शेवटचीच पिल्लं. ती झाली तर आपल्या कुत्र्यांच्या घराण्याचं 'टेकडी' हे नाव पुढे चालेल, नाहीतर ते बुवाबरोबर संपेल. हे सगळं ठाऊक असून, मी तुझ्यामागे फलाटावर आलो तेव्हा तू मला काय सुनावलंस? 'हे रक्तातून उतरतं, दादा. आणखी एकही पिल्लू जन्माला घालू नकोस. घातलंस तर मी तुझ्या कुत्र्याला पुन्हा हात लावणार नाही.' माझ्या कुत्र्याला. इतकी वर्षं तो आपला होता.

आता शांतपणे सांगतो. बुवाला दिसतं. आपल्या जातीच्या कुत्र्यांच्या कपाळावरचे केस डोळ्यांवर पडद्यासारखे लोंबतात, आणि शोच्या नियमाप्रमाणे ते कापता येत नाहीत. ते केस दर शोच्या आधी विंचरून तू स्वतः सरळ करायचीस. एवढा पडदा डोळ्यांवर असेल तर तुला तरी किती दिसेल? तो जिन्यात अडखळतो, कारण जिन्यात उजेड नाही. घरमालकाला मी चारदा सांगितलं आहे.

आणि चालीचं म्हणशील, तर ती मी शिकवलेली आहे. इतर लोक कुत्र्याला कलेजीचे तुकडे दाखवून पळवतात. मला तो प्रकार हलका वाटतो. मी बुवाला लहानपणापासून आपल्या चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणत चालवला:

टेकडीवरी घरटे माझे, वाट तयाला वळणावळणी;
चढता चढता थांब जरासा, दिवा लाविला कुणी अंगणी.

आठ मात्रांवर पाऊल पडतं आणि आठ मात्रांवर वळतं. कविता संपली की तो थांबतो. कोणत्या कुत्र्याला एवढी लय आहे? त्याचं कागदावरचं नावही आपण त्याच कवितेतून घेतलं, 'टेकडीवरचा दिवा'. घरात त्याला बुवा म्हणायचं तुलाच सुचलं. जन्मला तेव्हा दाढीवाल्या बैराग्यासारखा दिसत होता म्हणून.

लिहिता लिहिता आपली शाळेची वाट डोळ्यांसमोर आली. गवताळ माळावरची पायवाट, मधे ओढ्यावरची फळी. मी पुढे ही कविता घोकत चाललोय आणि तू माझ्या दप्तराचा पट्टा धरून मागे. तुझा तो खेळ होता. डोळे गच्च मिटायचे आणि दादाच्या आवाजावर शाळेपर्यंत जायचं. दगड असो नसो, तू एकेक पाय गुडघ्यापर्यंत उचलून टाकायचीस. मी मुद्दाम कविता मधेच थांबवली की जागच्या जागी खिळायचीस आणि म्हणायचीस, 'म्हण ना रे, दादा.' किती विश्वास होता तेव्हा माझ्यावर.

तो कुठे गेला, हे विचारायला हे पत्र.

तुझा दादा

ता.क. कंगवे आणि कात्री घेऊन गेली आहेस. कात्री माझी होती.


२४ जानेवारी

ठकूस,

तुझं कार्ड मिळालं. मी चार पानं लिहितो आणि तू चार ओळी. 'दादा, कापसाचा बोळा घे. त्याच्या तोंडासमोरून खाली सोड. कापूस पडताना आवाज होत नाही. मान खाली वळते का बघ. कात्री माझीच आहे.' खाली सही. ख्यालीखुशालीचा एक शब्द नाही. औषधाच्या बाटलीवरही याहून जास्त मजकूर असतो.

तरी मी कापूस आणला. तू म्हणालीस म्हणून नव्हे, वाद एकदाचा मिटावा म्हणून. बुवाला खिडकीपाशी उजेडात बसवलं, केस बाजूला करून क्लिपेनं वर अडकवले आणि बोळा सोडला. बुवानं मान वळवली नाही. आता लगेच टाळ्या पिटू नकोस. कापसाकडे त्यानं का बघावं? तो खानदानी कुत्रा आहे. पायाशी कापूस पडला म्हणून कावराबावरा होणारं ते मांजर असतं. मी पुन्हा सोडला, तेव्हाही तो समोर बघत होता, तुझ्यासारखाच निर्विकार. तिसऱ्यांदा मी बोळ्याला कलेजी चोळली. तेव्हा त्यानं बोळा गिळला. म्हणजे दिसलाच की.

कापसाचं उरलेलं पुडकं कोटाच्या खिशात टाकून ठेवलं आहे. पुन्हा हा पोरखेळ करणार नाही.

घरी बाकी ठीक. जेवण करायला येतात त्या बाईंनी परवा झाडताना टेबल खिडकीकडून भिंतीकडे सरकवलं. बुवा नेहमीप्रमाणे दाराकडे गेला आणि टेबलाच्या कडेवर कपाळ आपटून मटकन बसला. मी बाईंवर जो ओरडलो, ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असावं. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'काका, टेबल काय उंदीर आहे का, न दिसायला? कुत्र्याचं सोडा, तुम्हीच चष्मा बदला.' लोकांना जिभेवर ताबा म्हणून राहिलेला नाही. टेबल मी पुन्हा खिडकीशी नेलं आणि त्याच्या चारी पायांभोवती खडूनं खुणा केल्या आहेत. खुर्ची हलवायची नाही, पाण्याचं भांडं हलवायचं नाही, दाराजवळचा रेडिओ बंद करायचा नाही, असे नियम घातले आहेत. रेडिओ मला आवडतो म्हणून चालू असतो. दार कुठे आहे हे बुवाला त्यावरून कळत असेल तर तो त्याचा हुशारपणा.

त्या दिवशी मात्र टेबलाला धडकल्यावर तो रडला नाही, कुरकुरला नाही. नुसता बसून राहिला आणि माझ्या आवाजाकडे तोंड करून शेपटी हलवत होता. चूक त्याचीच झाली, असं त्याला वाटत असावं. मला ते बघवेना. म्हणून बाईंवर जरा जास्तच ओरडलो. हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर पान घाण होतं.

तू लिहितेस, रक्तातून उतरतं. तुझ्या घरगुती वैद्यकीचं मला कौतुक आहे. बुवाच्या आईला शेवटी दिसत नव्हतं हे खरं. म्हातारपणी कोणाला दिसतं? मला तरी आता वर्तमानपत्रातल्या मथळ्याखालचं काय दिसतं? म्हणून आपल्या आईवडिलांनी मला जन्म द्यायला नको होता की काय?

पुढच्या शोला आम्ही दोघं जाणार आहोत. तुझी गरज नाही. केस मी विंचरीन.

दादा


१५ फेब्रुवारी, लॉजवर, संध्याकाळ

ठकूस,

उत्तर आलं नाही. तरी लिहितो, कारण या खोलीत बोलायला दुसरं कोणी नाही. बुवा आहे, पण तो विचारात आहे.

प्रवासाची हकीकत ऐक, म्हणजे माझा संताप तुला कळेल. रेल्वेनं बुवाला सामानाच्या डब्यात घातलं, सायकली आणि कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये. मी कारकुनाला म्हणालो, 'अहो, हा विजेता आहे.' तो म्हणाला, 'कोंबड्यांनाही आम्ही हेच सांगितलंय.' मी शेवटी सामानाच्या डब्यातच पिंजऱ्याला टेकून बसलो. मागे आपण दोघं जायचो तेव्हा तू गार्डाशी काय बोलायचीस कोण जाणे, पण बुवाचं डोकं तुझ्या मांडीवर असायचं, दाढी खराब होऊ नये म्हणून तुझ्या रुमालात बांधलेली, आणि येणारे जाणारे विचारायचे, 'आजींचा दात दुखतोय का?' तुला तेव्हा किती हसू यायचं.

उतरताना बुवानं फलाटावर पाऊल टाकायला साफ नकार दिला. पाय पुढे काढायचा, हवेत धरायचा, परत घ्यायचा. फलाट आणि डबा यांच्यामध्ये जी फट ठेवतात ती माणसाच्या तरी सोयीची आहे का? मी त्याला उचलून घेतला. कंबर धरली आहे.

स्टेशनबाहेर आपल्या मोटारीजवळ बेकरीवाला उभा होता, बुवाच्या मुलाला घेऊन. 'राजपुत्र' म्हणतो तो त्याला. देखणा कुत्रा, ठकू. छाती, डोकं, शेपटीचा बाक, सगळं बापाचं. अजून पुरता दोन वर्षांचाही नाही. बेकरीवाला बोलत होता, तोंडाला पीठ लावल्यासारखा हसत.

'काका, चाल बघा पोराची. हुबेहूब तुमच्या बुवाची. तेच पाय उचलणं. मी शिकवलेलं नाही हां, आपसूक आलंय.'

'रक्त आहे,' मी म्हणालो.

'तेच तर. म्हणून म्हणतो, माझी मादी उद्या शो झाला की लगेच आणतो. सगळी पिल्लं अशीच निघाली तर लोक रांगा लावतील.' मग कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर थाप मारून म्हणाला, 'तुमचा कवितेवर चालतो, माझा किल्ल्यांवर. सकाळी बेकरी उघडायला निघालो की किल्ल्या वाजतात, तो मागोमाग. किल्ल्या थांबल्या की तोही थांबतो. एक पाऊल टाकणार नाही. एवढी शिस्त आहे.'

मला मनात जरा वाईटच वाटलं. बापानं वृत्तबद्ध कविता ऐकावी आणि मुलानं किल्ल्या. पण ज्याचा त्याचा संस्कार.

लॉजवाला कुत्रा घेईना. बराच वाद घातला तेव्हा ही मागची खोली मिळाली. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर मागच्या कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा डाग. बुवा आत आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. अजून तिथेच उभा आहे. मी दोनदा बोलावलं. तो माझ्याकडे वळला, पाय उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. कविता म्हटली तेव्हा माझ्यापर्यंत आला, वाटेत खुर्चीला धडकून. नवी जागा आहे. मलाही नव्या जागेत झोप लागत नाही.

केस विंचरायला घेतले. तुझ्यासारखे होत नाहीत. तू पाण्याचा हात फिरवून काहीतरी करायचीस, मग ते रेशमासारखे पडायचे. मी केलं तर अर्धे चिकटले आणि अर्धे उभे राहिले. आता तो बैराग्यासारखा दिसत नाही, नुकत्याच झोपेतून उठलेल्या फौजदारासारखा दिसतो. उद्या परीक्षक नवा आहे, चालीचा दर्दी आहे म्हणतात. केसांकडे बघणार नाही अशी आशा आहे.

आपल्या मास्तरांची आठवण येतेय. ते कविता शिकवताना खिडकीबाहेर बघत. पोरांना वाटे मास्तरांचं लक्ष नाही. प्रत्यक्षात त्यांना कविता तिथे दिसत असे. मला उभ्या आयुष्यात तेवढंच जमलं, ठकू, खिडकीबाहेर बघणं. कार्यालयात नकाशे काढले, तेही दुसऱ्यांच्या जमिनींचे. बुवा रिंगमध्ये चालतो तेव्हा मात्र लोक माझ्याकडे बघतात. ते तुला खुपलं असेल, असं मी रागाच्या भरात इथे लिहिणार होतो. लिहिलंही. पण ते खरं नाही, हे मला कळतं.

पाऊल वाजलं. बुवा खाटेपर्यंत आला आहे, एकटा, कवितेशिवाय. दिसतं त्याला.

दादा


१७ फेब्रुवारी

ठकू,

काल रात्री घरी आलो. आज सकाळपासून लिहितो आहे. तीन पानं फाडली. हे चौथं.

काल सकाळी मैदानावर गेलो. आमचा वर्ग पुकारला. आत पाऊल टाकताच मी नेहमीप्रमाणे कविता सुरू केली, आणि परीक्षकानं हात वर केला. तरुण माणूस, टोपी तिरकी. म्हणाला, 'आजोबा, पाठांतर नको. बाकीच्या कुत्र्यांचं लक्ष जातं. नुसतं चालवा.'

मी म्हणालो, 'ही आमची पद्धत आहे.'

'इथे माझी पद्धत चालते,' तो म्हणाला. लोक हसले.

मी तोंड मिटलं आणि पट्टा सैल सोडला. 'चल बुवा,' एवढंच म्हणालो. ठकू, बुवानं उजवा पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. कुठे ठेवावा ते त्याला कळेना. सारं मैदान बघत होतं. तो पाय खाली येईना, आणि त्याचं तोंड माझा आवाज हुडकत इकडून तिकडे फिरत होतं. म्हण ना रे, दादा, असं. परीक्षकानं बोटानं खूण केली, 'बाजूला उभे राहा.' आम्ही बाजूला झालो. तोवर माझा सगळा राग त्या तिरक्या टोपीवर होता. कवितेला मज्जाव करणारा तू कोण, हे वाक्य मनात तयार होतं. अजून तयार आहे.

मग राजपुत्र आला. बेकरीवाल्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो वाजत होता, आणि त्याला कोणी बंदी केली नाही. माझ्या कवितेचा गोंगाट होतो आणि बेकरीच्या किल्ल्यांचा होत नाही, हा कुठला न्याय? पण कुत्रा चालला. काय चालला. पुढचे पाय गुडघ्यापर्यंत उचलून, मान ताठ. टाळ्या थांबेनात. परीक्षक म्हणाला, 'राजाचा घोडा.' अगदी तेच शब्द. यांची पाठ्यपुस्तकं एकच असावीत.

पहिला नंबर त्याला. बेकरीवाल्याला कप घ्यायला बोलावलं. दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून त्यानं किल्ल्या काढून दोरीपलीकडे बायकोकडे टाकल्या, पट्टा मनगटात अडकवला आणि टेबलाकडे निघाला. राजपुत्र मागे निघाला आणि टेबलाच्या पायावर कपाळ आपटून मटकन बसला. कप खणखणले. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, 'बक्षिसाची घाई झालीय पोराला.' मला हसू आलं नाही. तो उठला, उजवा पाय उचलला आणि हवेत धरला. बेकरीवाल्याच्या बायकोनं दोरीपलीकडे किल्ल्या हलवल्या तेव्हा त्यानं तिकडे तोंड वळवलं आणि शेपटी हलवली.

माझ्या शेजारी बुवा होता. त्याचाही पाय उचललेला.

मी त्या दोघांकडे बघत होतो आणि मला तू दिसलीस. फळीच्या अलीकडे, डोळे गच्च मिटलेले, पाय गुडघ्यापर्यंत वर. तुला ती चाल इतक्या लांबून कशी ओळखू आली, ते तेव्हा कळलं. तू स्वतः तशी चालली होतीस. फरक एवढाच की तुला हवं तेव्हा डोळे उघडता यायचे.

मी रिंगमध्ये गेलो. कशासाठी ते पुरतं ठरलेलं नव्हतं. परीक्षकाला म्हणालो, 'तो रुबाब नाही. याला दिसत नाही. तो जमीन चाचपतोय.' वाक्य तुझंच. मला दुसरं सुचलं नाही.

मग बेकरीवाला कप छातीशी धरून म्हणाला, 'काका, तुमचा हरला म्हणून असं बोलता? पोटचा मुलगा आहे तो बुवाचा.'

'म्हणूनच बोलतोय.'

'लाज वाटली पाहिजे या वयात,' मागून कोणीतरी म्हणालं. परीक्षक म्हणाला, 'यांना कोणीतरी बाहेर न्या.' मी खिशात हात घातला आणि कापसाचं पुडकं काढलं. बेकरीवाल्याच्या हातात बोळा दिला. म्हटलं, 'तुम्हीच सोडा. मी सोडला तर म्हणाल म्हाताऱ्यानं काहीतरी केलं. तोंडासमोरून खाली सोडा, आणि केस वर धरा.'

तो आधी सोडीना. मग गुडघ्यावर बसला, एका हातानं राजपुत्राच्या डोळ्यांवरचे केस वर केले आणि दुसऱ्यानं बोळा सोडला. बोळा सावकाश खाली गेला. कुत्रा समोर बघत राहिला. बेकरीवाल्यानं बोळा उचलून पुन्हा सोडला. नंतर पुन्हा. तो किती वेळ सोडत होता ते मला बघवेना. मी कलेजी चोळायला सांगितली नाही.

नंतर मैदानाच्या कडेला, त्याच्या गाडीजवळ, तो माझ्याशी बोलला. आवाज चढलेला नव्हता. त्यापेक्षा चढलेला बरा.

'मादी गाडीत आहे,' म्हणाला. 'तुमच्याकडेच आणणार होतो.'

'आणू नका. आता नाही आणि पुढेही नाही. बुवाची पिल्लं होणार नाहीत. याचीही होऊ देऊ नका.'

'म्हणजे तुमची टेकडी संपली.'

'संपली.'

तो राजपुत्राच्या पाठीवरून हात फिरवत होता. 'काका, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?'

मी म्हणालो, 'माझ्या बहिणीला माहीत होतं.'

'मी तुम्हाला विचारलं.'

मी वाकून बुवाचा पट्टा सरळ केला. त्यानं कप गाडीच्या मागच्या बाजूला टाकला, किल्ल्या बोटात घातल्या आणि वाजवत पुढे गेला. राजपुत्र मागोमाग, पाय उचलून. त्यानं निरोप घेतला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतला नसता.

आता तुझ्याकडे येतो. माझा राग गेला असं समजू नकोस. मला तुझा प्रचंड राग आला आहे, आणि या वेळी तो योग्य जागी आहे. तू हळू का बोललीस? जिचं गुपित मागच्या बाकापर्यंत जायचं, तिनं त्या दिवशी दोरीला टेकून पुटपुटावं? मी ऐकत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक. मग पट्टा हिसकावून का घेतला नाहीस? फलाटावर एक अट घालून गाडीत काय बसलीस? चार ओळींची कार्डं काय पाठवतेस? माणसानं भांडावं तर धड भांडावं. मी एकटाच पानंच्या पानं भांडतोय, आणि पलीकडून कापूस.

आज सकाळी बुवाला खिडकीपाशी बसवलं आणि डोळ्यांवरचे केस कापले. नियमानं केस कापलेला कुत्रा पुन्हा शोमध्ये घेत नाहीत. ते माहीत होतं म्हणूनच कापले, नाहीतर महिन्याभरात मी स्वतःला पुन्हा काहीतरी पटवून दिलं असतं. स्वयंपाकघरातली कात्री होती, भाजीची. एका बाजूला जास्त गेले. बाई बघत होत्या, त्या म्हणाल्या, 'अरे देवा, याला डोळे आहेत होय.' आहेत. मोठे, तपकिरी. आत खोल कुठेतरी हिरवट चकाकी आहे, शांत पाण्यासारखी. इतकी वर्षं मी ते धड पाहिलेच नव्हते. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता, आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत होता. मी डावीकडे सरकून बसलो.

आत्ता संध्याकाळी त्याला रस्त्यावर नेलं. कविता म्हटली. पोरंटोरं बघत होती, बघू देत. तो छान चालला. वळणावर वळला आणि 'अंगणी'ला थांबला.

ठकू, तुझी अट पुरी झाली आहे. आता त्याला हात लावायला हरकत नसावी. केस वाकडे कापलेत, ते तुझ्याशिवाय सरळ होणार नाहीत. कात्री घेऊन ये. ती तुझी आहे, हे मी मान्य करतो, पण हे बाहेर सांगू नकोस.

टेबल खडूच्या खुणांवरच आहे, तू आल्यावर उगाच सरकवू नकोस. घरमालकानं जिन्यात दिवा लावलेला नाही. म्हणून खालच्या पायरीपासूनच कविता म्हणत वर ये, मोठ्यानं. बुवा दारापर्यंत येईल.

आशीर्वाद याही पत्रात लिहिलेले नाहीत. ते समोर देईन.

दादा